कमावलेलं शरीर

१९ जून २०२० रोजी ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ हा व्हिडिओ गेम बाजारात आला आणि पहिल्या तीन दिवसांत त्याच्या ४० लाखांहून अधिक प्रती खपल्या. टाळेबंदीचे दिवस होते. पहिला भाग २०१३ सालचा, त्यामुळे कॅलिफोर्नियातल्या नॉटी डॉग या कंपनीच्या या गेमकडे लोक सात वर्षं डोळे लावून बसले होते. जुलै उजाडला आणि गेममधल्या अ‍ॅबी या पात्राला आवाज देणाऱ्या लॉरा बेली या अभिनेत्रीने स्वतःला आलेले काही संदेश जाहीर केले. त्यांत जिवे मारण्याच्या धमक्या होत्या.

अ‍ॅबीवर लोक चिडले, याला कथेतलं कारण होतं. पहिल्या भागात खेळणाऱ्यांनी ज्या जोएलला जीव लावला, त्याला अ‍ॅबी ठार मारते, कारण जोएलने तिच्या वडिलांना मारलेलं असतं. पण संतापाचा मोठा ओघ तिच्या शरीरावरून वाहत होता. रुंद खांदे, भरलेली मान, पिळदार दंड. बाई अशी दिसूच शकत नाही, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांची रांग लागली. एप्रिलमध्ये गेमच्या काही चित्रफिती आधीच बाहेर फुटल्या होत्या. तेवढ्यावरून ही जन्माने स्त्री नसणार, असा निकालही अनेकांनी देऊन टाकला होता.

अशी बाई प्रत्यक्षात होती. अ‍ॅबीचं शरीर कॉलीन फॉच या अमेरिकन क्रॉसफिट खेळाडूच्या शरीरावरून घडवलं होतं. चेहरा दुसऱ्या एका तरुणीचा होता, आवाज आणि अभिनय लॉरा बेलीचा. बाई अशी दिसू शकत नाही, हे म्हणणं तिथेच निकालात निघतं. ज्यांना त्याहून जवळचा पुरावा हवा असेल त्यांनी टोकियो ऑलिम्पिकमध्ये ४९ किलो गटात रौप्यपदक घेणाऱ्या मीराबाई चानूचे खांदे आठवावेत.

मला मात्र त्याहून महत्त्वाचा वाटतो तो गेममधलाच पुरावा. साथीने जग उद्ध्वस्त झालं आहे आणि सिअ‍ॅटल शहरातल्या एका मोठ्या स्टेडियममध्ये अ‍ॅबीची सशस्त्र टोळी वस्ती करून राहते आहे. खेळणारा अ‍ॅबी होऊन या स्टेडियममधून चालत जातो, तेव्हा त्याला मैदानावर पिकवलेली शेती दिसते, गुरं दिसतात, भरलेलं भोजनगृह दिसतं आणि लोखंडी वजनांनी सजलेली व्यायामशाळाही दिसते. म्हणजे इथे पोटभर अन्न आहे, व्यायामाची सोय आहे, आणि या मुलीच्या मनात सूडाखेरीज दुसरा विचार नाही. ते दंड कुठून आले हे न बोलता सांगितलेलं असतं. तिचं लढणंही त्याच शरीराचं. दुसरी नायिका एली शेलाटी आहे, ती चाकू घेऊन मागून झडप घालते. अ‍ॅबी समोरून भिडते, ठोसे मारते. कथेच्या शेवटी अ‍ॅबी माणसांना गुलाम करणाऱ्या टोळीच्या हाती सापडते. सांता बार्बराच्या किनाऱ्यावर खांबाला बांधलेली ती दिसते तेव्हा केस कापलेले असतात आणि ते सगळं शरीर झडून गेलेलं असतं. तिला ओळखायलाच क्षणभर वेळ लागतो. तिने काय सोसलं, हे सांगायला लेखकांना संवाद लागत नाही.

गेममधली शरीरं वास्तव असावीत की आदर्श, हा वाद गेली तीस वर्षं चालू आहे. त्याच्या दोन्ही बाजू मला अपुऱ्या वाटतात. पडद्यावरच्या शरीरामागे आयुष्य आहे का, त्याने काय खाल्लं, काय उचललं, कुठे मार खाल्ला, हे त्या शरीराला ठाऊक आहे का, हा माझा प्रश्न आहे. त्याच्या उत्तरावर पात्र जगतं किंवा नुसतं दिसत राहतं.

ठिपके आणि त्रिकोण

सुरुवातीला गेममधला देह यंत्राच्या कुवतीने ठरवला. १९८१ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीत शिगेरू मियामोतो ‘डाँकी काँग’साठी नायक काढत होते तेव्हा त्यांना बोटावर मोजण्याइतक्या ठिपक्यांत माणूस बसवायचा होता. एवढ्या जागेत ओठ दिसत नाहीत, म्हणून मोठं नाक आणि त्याखाली मिशी आली. उडी मारताना केस उडालेले दाखवणं जमत नव्हतं, म्हणून टोपी आली. पळताना हात अंगावेगळे दिसावेत म्हणून कपड्यांना दोन रंग आले. या अडचणींतून बुटका, गोल पोटाचा मारिओ जन्मला. ते पोट कुणालाही खुपलं नाही. चार दशकं उलटून गेली तरी मारिओ त्याच पोटानिशी उड्या मारतो आहे आणि पोरं त्याच्यावर तितकीच लुब्ध आहेत.

१९९६ साली ‘टूम रेडर’ आला तोवर पडद्याला खोली मिळाली होती. इंग्लंडमधल्या डर्बी शहरातल्या कोअर डिझाइन या छोट्या कंपनीत टोबी गार्ड या तरुणाने लारा क्रॉफ्ट घडवली. आधीच्या आराखड्यात ती लॉरा क्रूझ नावाची दक्षिण अमेरिकन मुलगी होती. त्या काळच्या यंत्रांना मोजकेच पॉलिगॉन, म्हणजे सपाट कोनाकोनाचे तुकडे, झेपत. त्यामुळे लाराची छाती अक्षरशः त्रिकोणी होती, कंबर मुठीत मावेल अशी. तरीही गेममध्ये ती पेरूच्या गुहांतून एकटी फिरे, कडे चढे, लांडग्यांशी झुंजे. त्या काळच्या कितीतरी मुलींनी आयुष्यात प्रथमच एका बाईला इतकी धावताना पाहिलं.

तिच्या देहाची खरी कथा गेमच्या बाहेर घडली. जाहिरातवाल्यांनी तिला पोस्टरवर उतानी झोपवलं, पेयाच्या जाहिरातीत नाचवलं. १९९७ साली ‘द फेस’ या इंग्रजी मासिकाच्या मुखपृष्ठावर ती झळकली. समारंभांत मिरवायला हाडामांसाच्या मॉडेल ठेवल्या गेल्या. तिला ज्या तऱ्हेने विकलं जात होतं ते गार्ड यांना पटेना, आणि त्याच वर्षी त्यांनी कंपनी सोडली. आपण घडवलेल्या पात्राच्या शरीरावर आपलाच ताबा उरला नाही, हे पाहून बाजूला झालेला तो कलावंत या वादातला मला सगळ्यांत आदरणीय माणूस वाटतो.

२०१३ साली क्रिस्टल डायनॅमिक्सने लाराला नव्याने मांडलं. ऱ्हियाना प्रॅचेट मुख्य लेखिका होत्या. ही लारा एका बेटावर आदळलेली विशीतली मुलगी होती. तिचा बांधा साध्या माणसासारखा होता आणि अंगावर चिखल, रक्त, खरचटलेल्या खुणा होत्या. २०१८ च्या भागात तिचे दंड भरले, कारण तोवर ती वर्षानुवर्षं दोर धरून लटकत आली होती. लाराचं आकर्षण याने कमी झालं नाही. कडा चढणाऱ्या बाईचे हात कसे असतात, याची दखल वीस-बावीस वर्षांनी का होईना घेतली गेली.

फुगवून काढण्याचा हक्क

याचा अर्थ प्रत्येक पात्र शेजारच्या घरातल्या माणसासारखं दिसावं असा नाही. चित्रकाराला फुगवून काढण्याचा हक्क आहे, आणि गेममध्ये तर त्याची गरजही असते. २००७ साली व्हॉल्व्ह कंपनीच्या कलावंतांनी ‘टीम फोर्ट्रेस टू’ची चित्रशैली उलगडून सांगणारा एक शोधनिबंध लिहिला. विसाव्या शतकाच्या आरंभीचे अमेरिकन चित्रकार लायेन्डेकर यांच्या शैलीचा त्यांनी आधार घेतला होता. गेममध्ये नऊ पात्रं आहेत. धावपळीत लांबवर कुणी दिसलं तर तो कोण, हे नुसत्या बाह्यरेषेवरून क्षणात कळायला हवं. म्हणून एक धिप्पाड डोंगरासारखा, एक काटकुळा, एक बुटका आणि रुंद. त्या अतिशयोक्तीमागे काम आहे.

आपल्याकडे तर ही परंपरा जुनी आहे. रवि वर्म्यांच्या छापखान्याची चित्रं आधी मुंबईतून आणि मग लोणावळ्याजवळच्या मळवलीतून घरोघर गेली. लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला कशा दिसतात, ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या मनात त्यांनी ठरवून टाकलं. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांनी दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर ज्या स्त्रिया रंगवल्या, त्यांच्यासारखी घाटदार बाई रोज नळावर पाणी भरताना दिसत नसे. वाचकाला ते ठाऊक होतं आणि तो ती चित्रं जपूनही ठेवत होता. सुंदर शरीर काढणं हा गुन्हा नव्हे. वर्षामागून वर्षं एकच साचा काढत राहिलं आणि त्यालाच स्त्री म्हटलं, की मग नुकसान सुरू होतं.

साच्याचा दुसरा प्रकार आपल्याला थेट लागू पडतो. १९९१ साली जपानच्या कॅपकॉमने ‘स्ट्रीट फायटर टू’ आणला. त्यात आठ लढवय्ये निवडता येत आणि बाह्यरेषेचा नियम तिथेही पाळलेला होता. चीनच्या चुन-लीच्या मांड्या भक्कम होत्या, कारण तिचा भर लाथांवर. जपानचा होंडा सुमो मल्ल, रशियाचा झांगीफ कुस्तीगीर. आणि भारताचा धालसिम. बरगड्या मोजून घ्याव्यात इतका हडकुळा, गळ्यात कवट्यांची माळ, रबरासारखे ताणले जाणारे हातपाय, तोंडातून आग. ती माळ गावात साथीने दगावलेल्या मुलांच्या कवट्यांची आहे आणि तो गावासाठी लढतो, अशी त्याची कथा. कथा करुण आहे, पात्र चाहत्यांचं आवडतं आहे. तरी जगभरच्या मुलांना त्या वर्षी भारतीय शरीर म्हणून जे दाखवलं गेलं ते उपाशी होतं. इतरांच्या देहांत त्यांचा खेळ होता, आपल्या देहात आपली गरिबी आणि चमत्कार होते. म्हणून साचा फक्त छाती आणि कंबरेचा नसतो, हे मराठी वाचकाला वेगळं पटवून द्यायची गरज नसावी.

पोट असलेला देव

पुरुषांच्या शरीरांबद्दल कमी बोललं जातं, पण तिथला साचा तितकाच घट्ट आहे. २००५ सालच्या ‘गॉड ऑफ वॉर’मधला क्रेटॉस असो की २००६ सालच्या ‘गिअर्स ऑफ वॉर’मधले सैनिक, पुरुष म्हणजे व्ही आकाराची पाठ आणि पोटावर विटांसारखे स्नायू. सप्टेंबर २०२१ मध्ये ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक’मधला थॉर देव प्रथम दिसला तेव्हा त्याला मोठं पोट होतं. जाडे हात, ढेरी, लाल दाढी. सिनेमातला घोटीव देहाचा थॉर डोळ्यांत बसलेल्या अनेकांनी देवाला ढेरी कशी, म्हणून गदारोळ केला. जाणकारांनी उत्तर दिलं की जगातली सर्वांत बलवान माणसं अशीच दिसतात. २०१८ साली जगातल्या सर्वांत बलवान पुरुषाचा किताब जिंकणारा आइसलँडचा हाफथॉर ब्यॉर्नसन त्यांनी दाखला म्हणून दिला.

कोल्हापूरच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. खासबाग मैदानात उतरणाऱ्या जड वजनाच्या पैलवानाला जाहिरातीतलं सपाट पोट नसतं. मान आणि खांदे एक झालेले असतात, मांड्या घासतात, कान मोडलेले असतात. दूध, बदाम, तूप, हजारो जोर-बैठका आणि तांबडी माती त्या शरीरात असते. पोटावरचे स्नायू उठून दिसायला चरबी उतरवावी लागते. मल्लाला वजन टिकवायचं असतं. दिसायला बलवान आणि खरोखर बलवान यांत अंतर असतं, आणि थॉरच्या चित्रकारांनी दुसरी बाजू निवडली. मद्य पिणारा, मनातून मोडलेला, प्रचंड ताकदीचा तो बाप त्या शरीरामुळेच पटतो.

स्कॅन केलेली बाई

आता दोन नायिका शेजारी ठेवून पाहू. ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’ या नेदरलँड्समधल्या गेमची दृश्यं २०२१ साली बाहेर आली. नायिका अ‍ॅलॉय रानावनात वाढलेली शिकारी. नव्या यंत्राच्या ताकदीमुळे तिच्या गालावरची बारीक लव उन्हात दिसू लागली. तेवढ्यावरून तिला दाढी आली, ती पुरुषी झाली, तिचे गाल सुजले अशी ओरड झाली. प्रत्येक माणसाच्या गालावर असते ती लव.

२०२४ साली दक्षिण कोरियाच्या शिफ्ट अप कंपनीचा ‘स्टेलर ब्लेड’ आला. त्याची नायिका ईव्ह अगदी उलट टोकाची, नितळ, लांब पायांची, अंगाला चिकटलेल्या कपड्यांतली. तिच्यावर टीका झाली तेव्हा समर्थकांनी बिनतोड वाटणारा मुद्दा पुढे केला. ईव्हचं शरीर शिन जे-उन या कोरियन मॉडेलच्या शरीराचं थ्रीडी स्कॅन करून बनवलेलं आहे, मग ते अवास्तव कसं?

मुद्दा खरा आहे आणि त्यामुळेच विचार करायला लावतो. अ‍ॅबीचं शरीर खऱ्या बाईवरून आलं, ईव्हचंही आलं. मग फरक कुठे? फॉच यांचं शरीर निवडलं गेलं कारण अ‍ॅबीला जे करायचं होतं ते तसं शरीर करू शकतं. ईव्ह राक्षसांशी तलवारीने लढते, आणि लढाया झकास रचलेल्या आहेत, पण त्या लढायांचा तिच्या देहावर काही परिणाम नाही. तो देह पाहण्यासाठी निवडला आहे आणि कॅमेरा सतत तीच आठवण करून देतो. स्कॅनर माणसाची मापं घेतो. त्या मापांना आयुष्य देणं लेखकाचं आणि चित्रकाराचं काम असतं. असे गेम बंद करा, असं मी म्हणणार नाही. सुंदर शरीर पाहण्यातला आनंद खरा असतो, ईव्ह ज्यांना आवडते त्यांनी ती खुशाल खेळावी. पण शरीर स्कॅन केलंय म्हणून ते खरं झालं, हा दावा मान्य करता येत नाही.

एका सांगाड्याचा हिशेब

शरीरांत विविधता कमी असण्यामागे केवळ दृष्टिकोन नाही, खर्चही आहे. पात्राच्या आत हाडांचा एक सांगाडा बसवतात, त्याला या धंद्यात रिग म्हणतात. चालणं, पळणं, पडणं, वळणं अशा शेकडो हालचाली त्या सांगाड्यावर बसवाव्या लागतात. त्यावर कातडी चढवतात आणि कोणतं हाड हललं की कातडीचा कोणता भाग किती ओढला जाईल, हे ठरवतात. मग कपडे. एका बांध्यासाठी शिवलेलं चिलखत जाड माणसाला घातलं की पोट त्यातून आरपार बाहेर येतं. दहा बांधे ठेवायचे तर प्रत्येक पोशाख दहादा तपासावा लागतो. म्हणून पात्र बनवण्याची मुभा देणारे मोठे गेमही हात आखडता घेतात. बेल्जियमच्या लारियन कंपनीचा ‘बाल्डर्स गेट थ्री’ २०२३ सालचा अतिशय उदार मनाचा गेम. त्यात माणसाच्या शरीराचे चार प्रकार निवडता येतात, दोन सडपातळ आणि दोन पिळदार. ढेरपोट्या जादूगार व्हायची सोय तिथेही नाही.

पण मनात आणलं तर करता येतं, हे २००४ सालीच सिद्ध झालं होतं. ‘जीटीए सॅन अँड्रियास’ हा गेम आपल्याकडच्या गल्लीबोळांतल्या सायबर कॅफेंमध्ये तासाच्या दराने किती जणांनी खेळला असेल याची गणती नाही. त्यातला नायक सीजे बर्गर-पिझ्झा खात राहिला की जाडा होई आणि धावताना मागे पडे. व्यायामशाळेत नेला की दंड फुगत. खायलाच दिलं नाही तर आधी चरबी आणि मग कमावलेले स्नायूही झडत. आजच्या फोनसमोर खेळणं वाटतील अशा यंत्रांवर हे चाले. हिंसा आणि शिव्यांमुळे बदनाम झालेल्या या गेमने शरीर हे खाण्याचं आणि कष्टाचं फलित असतं, एवढी साधी गोष्ट पोरांना खेळता खेळता दाखवली.

खेळणाऱ्याच्या अंगात

सिनेमातलं शरीर आपण पाहतो, गेममधलं शरीर काही तास आपलं होतं. २००७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या निक यी आणि जेरेमी बेलन्सन यांनी आभासी जगात प्रयोग केले. ज्यांना अधिक आकर्षक रूप मिळालं ते समोरच्याच्या अधिक जवळ उभे राहिले, स्वतःबद्दल मोकळेपणाने बोलले. ज्यांना उंच शरीर मिळालं ते पैशांच्या घासाघिशीत अधिक ताठर झाले. रूप काही मिनिटांपुरतं उसनं होतं, तरी वागणं बदललं. २००९ साली अमेरिकन संशोधकांनी सर्वाधिक खपाच्या १५० गेममधल्या स्त्रीपात्रांची मापं तपासली. मोठ्यांच्या गेमपेक्षा लहान मुलांच्या गेममधल्या बायका अधिक बारीक निघाल्या. ज्या वयात आपल्या शरीराबद्दलची समज तयार होते, त्याच वयासाठी साचा अधिक अरुंद. आई-बापांनी गेममधल्या गोळीबाराइतकंच याकडेही लक्ष द्यायला हवं.

महाराष्ट्रातल्या गावागावांत पारावर, एसटी स्टँडवर मुलं बीजीएमआय हा फोनवरचा गेम खेळताना दिसतात. तिथे चेहरा, केस, रंग निवडता येतो, हजारो रुपयांचे पोशाख विकत घेता येतात, पण बांधा एकच, सडसडीत. २०२० साली ‘फ्री फायर’मध्ये हृतिक रोशनवर बेतलेलं जय नावाचं पात्र आलं तेव्हा सिनेमातला देहच खेळण्यात उतरला. जिममध्ये जाण्याआधी पावडरचा डबा विकत घेणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाला घडवणाऱ्या कारणांत असे पडदे नक्कीच आहेत.

आपल्या मातीतली शरीरं

या सगळ्यात आशेची जागा पुण्यात आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या छोट्या चमूने २०२० साली ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ आणला आणि त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. राजी ही कसरतीचे खेळ करणारी कोवळी मुलगी. राक्षसांनी पळवलेल्या गोलू या भावाला ती शोधत निघते. भिंतीवर धावते, खांबाभोवती गिरकी घेते, उलटी उडी मारते, आणि हे तिला कसं जमतं असं एकदाही वाटत नाही, कारण हेच तिचं रोजचं काम होतं. कॅमेरा उंचावर आणि दूर असतो, तो तिच्या अंगावर रेंगाळत नाही. फार पैसा नसलेल्या चमूला हे जमलं, म्हणजे खर्चाची सबब काही प्रमाणातच खरी आहे.

पुण्या-मुंबईत आता गेम बनवणारी तरुण मंडळी वाढत आहेत. त्यांच्याकडे माझी कळकळीची मागणी आहे. परदेशी साचे उचलून त्यांना नऊवारी किंवा फेटा चढवू नका. ऊसतोडीच्या फडात जाऊन पाहा. डोक्यावर उसाची मोळी घेऊन बाई ट्रकला टेकवलेल्या अरुंद फळीवरून वर चढते, मोळी टाकते, उतरते, पुन्हा चढते. तिचे पोटरीचे स्नायू, ताठ मान, फळीवरचा तोल, यांपुढे कुठल्याही गेममधली चढाई फिकी आहे, आणि ती ना लारासारखी दिसते ना अ‍ॅबीसारखी. वर्सोव्याच्या बंदरावर टोपल्या उचलणाऱ्या कोळणीचे खांदे पाहा, मार्केट यार्डातल्या हमालाची पाठ पाहा, दहीहंडीच्या तळच्या थरातला गोविंदा कसा उभा राहतो ते पाहा. या शरीरांना आपल्या कथांत कामवाल्यांच्या, गर्दीतल्या माणसांच्या जागा मिळत आल्या आहेत. खेळणाऱ्याच्या हातात कळ असेल तेव्हा तो हमालाची पाठ घेऊन वजन उचलेल, ऊसतोड बाईच्या पायांनी फळी चढेल. असं नायकपद या माणसांना देण्याची ताकद सिनेमात नाही, कादंबरीत नाही. ती गेममध्ये आहे. ज्यांच्या हाती हे माध्यम आलं आहे त्यांनी ती वापरावी, आणि आपण वाचकांनी, पालकांनी, खेळणाऱ्यांनी तसे गेम मागावेत, विकत घ्यावेत, मुलांच्या शेजारी बसून खेळावेत.